सुधाकराची परतीची वाट

फराळाचे ताट समोर असताना दारूच्या नाटकाचा विषय काढावा, हे काही वाचकांना रुचणार नाही. परंतु दिवाळी अंक घरातली थोरली माणसे वाचतात तसा कॉलेजात जाणारी मुलेही चाळतात. आणि ज्या नाटकाचा दाखला देऊन आपण या मुलांना आजवर उपदेश करीत आलो, ते नाटक आपण नीट वाचले आहे काय, असा मला प्रश्न पडला आहे.

राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ १९१९ साली रंगभूमीवर आले. त्याच वर्षीच्या जानेवारीत गडकरी वारले. पहिला प्रयोग पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. बालगंधर्वांच्या सिंधूने महाराष्ट्राला रडविले आणि नाटकाचे नाव म्हणीसारखे तोंडी बसले. तेव्हापासून व्यसनावर बोलणारा वक्ता त्यातून एकच तात्पर्य काढतो : पहिला प्याला घेऊ नका, नाहीतर सुधाकर व्हाल.

हे तात्पर्य खोटे नाही, पण अपुरे आहे. सुधाकर दारूला शिवला तो तिचे दुष्परिणाम ठाऊक नव्हते म्हणून नव्हे. तो हुशार वकील होता, मानी होता. न्यायालयातील बाचाबाचीत त्याची सनद काही काळ रद्द झाली. तो अपमान कुठे उतरवून ठेवावा हे त्याला उमगेना, आणि नेमक्या त्या घटकेला पेला पुढे केला तो तळीरामाने. तळीराम म्हणजे कोणी राक्षस नव्हे. नेहमीच्या उठण्याबसण्यातला, हसविणारा, कळवळा दाखविणारा माणूस. परीक्षेत नापास झालेल्या मुलाजवळ आजही प्रथम पोहोचतो तो असाच कोणी मित्र. बाप पोहोचतो तो निकालाचा जाब विचारायला! नुसती माहिती आणि भीती यांनी तरुण व्यसनापासून दूर राहत नाहीत, हे संयुक्त राष्ट्रांच्या प्रतिबंधविषयक मानकांत २०१३ साली नमूद झाले. गडकऱ्यांच्या पहिल्या अंकांत ते रंगवून ठेवलेलेच होते.

परंतु माझ्या मते नाटकाचा खरा मर्मभाग पुढे आहे आणि त्याच्याकडेच आपले लक्ष जात नाही. सुधाकर मध्यंतरी दारू सोडतो. सोडून कामधंदा शोधायला बाहेर पडतो. जुने प्रतिष्ठित स्नेही त्याला उभे करीत नाहीत. बेवड्याचा शिक्का पुसायला कोणी तयार नाही. हिरमुसलेला सुधाकर पुन्हा पेल्याकडे वळतो. दारुड्याची सुटका का होत नाही, याची जी मीमांसा तो रामलालला ऐकवितो ती प्रेक्षकांनी नाटककाराचाच निवाडा म्हणून उचलली. पण ते व्यसनी माणसाच्या निराशेचे बोलणे आहे. तो एकदा परत फिरला होता. दार बंद होते, एवढेच नाटक सांगते.

सिंधूविषयीही थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. ती दळण दळते, हाल सोसते, आणि मरतानाही नवऱ्यावर आळ येऊ नये म्हणून खोटे सांगते. या दृश्याने डोळे भरून येतात हे खरेच. गडकऱ्यांच्या लेखणीचे ते सामर्थ्य आहे. तथापि झाकपाक करीत राहणे म्हणजे प्रेम, हा धडा आमच्या आयाबहिणींनी त्यातून घेतला असेल तर तो घातक होय. आजचे समुपदेशक घरच्यांना उलट सांगतात : माणसाला टाकू नका, पण त्याचे पिणे लपवू नका, त्याची कर्जे फेडीत बसू नका, आणि स्वतःही कोणाशी बोला.

शोकांतिकेने तोडगा सुचवावा, असा माझा आग्रह नाही. १९१९ साली सुधाकराला पाठवावे असे ठिकाणच नव्हते. पुढे १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पुण्यात ‘मुक्तांगण’ उभे केले, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांचा त्याला हातभार लागला. तिथल्या कार्यकर्त्यांत एके काळचे व्यसनीही आहेत. ज्याला गावाने नोकरी नाकारली असती, तोच तिथे दुसऱ्याचा हात धरतो. गडकऱ्यांच्या नाटकात जी जागा रिकामी राहिली, ती ही. रामलाल सज्जन खरा, पण तो समजावतो, हळहळतो. ऐकून घेण्याची विद्या त्याच्याजवळ नाही.

म्हणून माझी सूचना अशी की, या सुट्टीत ‘एकच प्याला’ घरात मोठ्याने वाचावे. तरुण मुलांना तात्पर्य सांगू नये. सुधाकराला त्या दिवशी कोणी काय विचारायला हवे होते, एवढेच त्यांना विचारावे आणि ती बोलू लागली की आपण गप्प बसावे. एखाद्या घरी हा प्रश्न नाटकापुरता उरलेला नसेल, तर व्यसनमुक्तीसाठी सरकारची १४४४६ ही विनामूल्य दूरध्वनिसेवा आहे. तिथे फोन करण्यात घराण्याची अब्रू जात नाही. सुधाकराच्या घरी ती गेली, ती सर्वांनी मिळून झाकून ठेवल्यावर.