फाटलेल्या आवाजाची बाजू

भीमगीतांवर मराठीत जे लिहिलं जातं ते बहुतेक शब्दांवर. वामनदादा कर्डकांची प्रतिमा, त्यांचा विचार, त्यांची बोली. ते लिहायलाच हवं. पण गाणाऱ्याच्या गळ्याबद्दल फार कुणी बोलत नाही. आज आपण त्या गळ्याबद्दल बोलू.

जुना आक्षेप तुम्हाला माहीत आहे : 'हे लोक गात नाहीत, ओरडतात.' त्यावर आपली माणसं काय म्हणतात? 'सूर जाऊ द्या, विचार बघा.' आम्हाला आक्षेपापेक्षा हे उत्तर जास्त खटकतं. कारण त्यात आपण आक्षेप निमूट मान्य केलेला असतो.

हा आवाज घडला कुठे, ते बघा. जलशात, जयंतीच्या मंडपात, उघड्या मैदानात. रात्रभर गायचं, समोर लेकुरवाळी वस्ती, आणि माईक असलाच तर कर्ण्याला जोडलेला. म्हणून पेटीची पट्टी चढी. त्यात कव्वालीचा साचा आला : आधी शेर, मग मुखडा, टाळ्या, कोरस. शेर म्हणताना गायक जवळजवळ बोलतो, ताल सोडून, आरामात. मग अंतरा चढत जातो आणि वरच्या सुरावर आवाज फाटतो. नेमकं तिथेच कोरस उचलतो. ही चूक असती तर दर कार्यक्रमात त्याच जागी कशी झाली असती? ती बांधलेली जागा आहे.

प्रल्हाद शिंद्यांचं घ्या. त्यांनी विठ्ठलाची गाणी गायली आणि भीमाचीही गायली, एकाच गळ्यानं. आषाढीला ती विठ्ठलगीतं ज्या घरांत लागतात, तिथे त्या आवाजाला कुणी ओरडणं म्हणत नाही; तिथे त्याला आर्तता म्हणतात. मग आक्षेप आवाजावर होता का? (याचं उत्तर आम्ही देत बसत नाही.)

अमेरिकेच्या दक्षिणेत, मेम्फिसच्या आसपास, असंच घडलं. ओ. व्ही. राइट चर्चमधली गॉस्पेल गाणी गात मोठे झाले. पुढे तोच गळा घेऊन प्रेमाची, पश्चात्तापाची सोल गाणी गायले आणि १९८० मध्ये, चाळिशी नुकतीच ओलांडलेली असताना, गेले. जेम्स कार यांचं 'द डार्क एंड ऑफ द स्ट्रीट' १९६७ चं. ओटिस रेडिंग जगभर गाजले. ही दोघं त्या मानानं मागेच राहिली. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीची गाणी रेडिओसाठी घासूनपुसून यायची, या दोघांच्या आवाजातली खर तशीच राहिली. पण तिथे ती खर हाच गुण मानणारे रसिक निघाले, जुन्या तबकड्या शोधून पुन्हा काढणारेही निघाले.

आता उलटंही सांगायला हवं. खरखरीत आवाज म्हणजे आपोआप चांगलं गाणं, असं नाही. कितीतरी पार्ट्या पहिल्या ओळीपासूनच टिपेला जातात. मग अंतऱ्यात चढायला काही उरतच नाही. शेर नीट बोलता येणारा गायक फार थोडा. आणि अलीकडच्या डीजेच्या गाण्यांत तर आवाज यंत्रानं सुरात बसवतात. पोरं त्यावर नाचतात, नाचू देत. १४ जानेवारीला, नामविस्तार दिनी, विद्यापीठाच्या गेटसमोर आम्हीही ते ऐकतो. फक्त ती फाटण्याची जागा तिथे सापडत नाही. कोरसही बऱ्याचदा एकाच माणसाचा आवाज चार वेळा चिकटवलेला.

वामनदादा आणि प्रल्हाद शिंदे दोघंही २००४ मध्ये गेले. त्यांचं बरंच काही जपलं गेलंय. मराठवाड्यातल्या गावोगावच्या पार्ट्यांचं काय? त्यांच्या वह्या मिळतात. आवाज मिळाला तर जयंतीत कुणीतरी टेपरेकॉर्डरवर भरलेल्या कॅसेटवर मिळतो, आणि ती फीत आता चिकटायला लागलीय. शब्द वहीतून पुन्हा छापता येतील. शेर संपवून मुखड्यावर येताना घेतलेला दम वहीत नसतो.

तशीच एक कॅसेट आता लावतोय. सुरुवातीला पेटी आणि ढोलकीच आहे, जरा थांबा. आवाज कुठे फाटतो आणि कोरसमध्ये किती जण आहेत, तेवढं मोजा.