आप्त कोणाला म्हणायचं? फॅक्ट-चेकची थोडी चिकित्सा



समाजमाध्यमांवरच्या फॅक्ट-चेकबद्दल सध्या जो वाद चालू आहे, तो आम्हाला भलत्याच जागी चाललेला वाटतो. एक बाजू म्हणते, खोटं थांबवा. दुसरी म्हणते, लोकांना बोलू द्या. दोघांनीही धरून चाललेलं आहे की प्रश्न वाक्याचा आहे. वाक्य खरं की खोटं एवढं ठरलं, की काम झालं!

आम्ही तत्त्वज्ञानाचे लोक. दुसऱ्यानं सांगितल्यावरून जे कळतं त्याला आपल्याकडे शब्दप्रमाण म्हणतात, आणि नैयायिकांनी तिथं सांगणारा कोण, हे आधी विचारलं. तो आप्त असला पाहिजे. नातेवाईक या अर्थानं नव्हे. ज्याला ती गोष्ट स्वतः ठाऊक आहे आणि जी जशी ठाऊक आहे तशीच सांगायची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. वात्स्यायन पुढे असंही म्हणतो की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ, तिघांनाही सारखंच लागू. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरा जुना वाद प्रामाण्याचा. मीमांसक म्हणतात, ज्ञान झालं की ते प्रमाणच समजायचं; पुढे बाधक ज्ञान आलं तर सोडून द्यायचं. नैयायिक म्हणतात, प्रामाण्य बाहेरून तपासूनच ठरतं. आता बघा, फेसबुक काय किंवा व्हॉट्सॲप काय, व्यवहारात सगळे मीमांसक. आधी पसरू द्यायचं, बाध मागाहून. पण मीमांसकांच्या मांडणीत एक अट न सांगता बसलेली आहे. दोरी बघून ज्याला साप वाटला, त्यालाच पुढे दोरी दिसते. भ्रम ज्याला झाला, बाधही त्यालाच होतो. फोनवर तसं होत नाही. अफवा एका माणसाला पोचते आणि तिचं खंडन भलताच माणूस वाचतो. बहुधा असा, ज्याचा त्या अफवेवर मुळात विश्वासच नव्हता. मिलनं १८५९ मध्ये ‘ऑन लिबर्टी’त मतं दडपण्याविरुद्ध जो युक्तिवाद केला, त्यातही खरं आणि खोटं एकाच श्रोत्यासमोर भिडतील असं धरलेलं आहे. भिडतच नसतील तर काय?

काय होतं ते महाराष्ट्रानं पाहिलंय. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा. बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी, बहुतेक मंगळवेढ्याकडचे, तिथं आले होते. मुलं पळवणारी टोळी आल्याचे संदेश त्या भागात फिरत होते. जमावानं पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून ठार मारलं. त्या काळात देशभर फिरलेल्या चित्रफितींपैकी एक तर कराचीतल्या जनजागृतीच्या फिल्मची होती. मुलांना जपा, असं सांगणारी फिल्म. शेवटचा भाग कापून कोणीतरी पुढे ढकललेली. त्यात एकही दृश्य बनावट केलेलं नव्हतं. कापलेलं होतं ते, हे कोण सांगतंय आणि कशासाठी, एवढंच.

आता राईनपाडा डोळ्यांपुढे ठेवून आजचे उपाय तपासू.

पहिला उपाय सरकारचा. एप्रिल २०२३ मध्ये आयटी नियमांत दुरुस्ती झाली. केंद्र सरकारच्या कामकाजाविषयीचा जो मजकूर सरकारचाच तपासणी विभाग बनावट, खोटा किंवा दिशाभूल करणारा ठरवील, तो कंपन्यांनी ठेवू नये; ठेवला तर कायदेशीर संरक्षण धोक्यात. कुणाल कामरा आणि इतरांनी मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं. ३१ जानेवारी २०२४ ला खंडपीठात मतभेद झाला. न्या. गौतम पटेल यांनी नियम अवैध ठरवला, न्या. नीला गोखले यांनी वैध. तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी २० सप्टेंबर २०२४ ला न्या. पटेलांच्या बाजूनं कौल दिला आणि नियम गेला. आमच्या मते योग्य झालं. ज्याच्याविषयी वाक्य आहे त्यानंच त्याची सत्यता ठरवायची, म्हणजे वादी, साक्षीदार आणि न्यायाधीश एकच. शिवाय तोच मजकूर छापील दैनिकात आला तर हा नियम लागू नाही. म्हणजे शाईत चालतं आणि पडद्यावर चालत नाही!

पण निकालाचा आनंद करणाऱ्या मंडळींनी एवढं पाहावं, की आप्त कोण नाही हे त्यातून ठरलं. कोण आहे, ही जागा रिकामीच राहिली. आणि एक बोचरी गोष्ट. हा नियम २०१८ मध्ये असता तरी राईनपाड्याला उपयोग शून्य. भटक्यांविषयीची अफवा म्हणजे काही केंद्र सरकारचं कामकाज नव्हे. सरकारनं तपासणी मागितली ती स्वतःच्या अब्रूची.

दुसरा उपाय कंपन्यांचा. २०१६ च्या अमेरिकी निवडणुकीनंतर फेसबुकनं बाहेरच्या संस्थांकडून फॅक्ट-चेक सुरू केलं. ७ जानेवारी २०२५ ला झुकरबर्ग यांनी अमेरिकेत ते बंद करत असल्याचं जाहीर केलं. कारण दिलं तपासणाऱ्यांच्या राजकीय कलाचं. त्याजागी ‘कम्युनिटी नोट्स’. ही पद्धत ट्विटरनं २०२१ मध्ये ‘बर्डवॉच’ नावानं आणली होती. तिची युक्ती हुशार आहे, हे मान्य करू. नुसतं बहुमत चालत नाही. एरवी ज्यांचं एकमेकांशी पटत नाही, अशा लोकांना एखादी टीप उपयुक्त वाटली तरच ती दिसते.

आमचा आक्षेप नेमका या हुशारीवर आहे. दोन्ही बाजूंचा पूर्वग्रह एकच असेल तेव्हा काय करायचं? १८७१ च्या कायद्यानं काही जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं. १९५२ मध्ये त्या विमुक्त झाल्या, पण संशय सुटला नाही, आणि तो सगळ्याच भटक्यांना चिकटला. पालं पडली की पोरं सांभाळा, असं डावे-उजवे, सवर्ण-बहुजन अनेक घरांत म्हटलं जातं. म्हणजे एकमत आधीच झालेलं आहे! तिथं टीप लिहिणार कोण आणि ती उपयुक्त आहे म्हणून शिक्का कोण मारणार? ज्याच्याविषयी बोललं जातंय, त्याचं तिथं खातंच नाही.

तिसरा उपाय कोणी फॅक्ट-चेक म्हणत नाही, म्हणून त्यावर चर्चाही फारशी होत नाही. राईनपाड्यानंतर त्याच जुलैत व्हॉट्सॲपनं पुढे ढकललेल्या संदेशावर ‘फॉरवर्डेड’ असं लिहायला सुरुवात केली, आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी ढकलण्याची मर्यादा घातली. यात खरं-खोटं कोणी ठरवत नाही. पाठवणारा तुमचा मेहुणा असेल, पण सांगणारा तो नाही, इतकंच तो शब्द सांगतो. आम्हाला हा तिन्हींतला सर्वांत नैयायिक उपाय वाटतो. अर्थात तोकडा. सांगणारा कोण नाही हे कळलं, कोण आहे ते नाहीच कळलं. मूळ पाठवणारा शोधा म्हणावं, तर सगळ्यांचीच खासगी पत्रं फोडायला लागतील, आणि ती फोडणार पुन्हा सरकार.

राईनपाड्याच्या त्या बाजारात एका प्रश्नाचे आप्त हजर होते. हे पाच जण कोण, कुठले, कशाला आलेत, हे सर्वांत चांगलं त्या पाच जणांनाच ठाऊक होतं. वात्स्यायनाचं लक्षण लावलं तर त्यांचा शब्द ऐकायला हवा होता. म्लेच्छालाही ते लागू आहे म्हटलंय, मग गोसाव्याला का नाही? समोर उभ्या माणसाच्या तोंडापेक्षा, ज्याचा कर्ता कोणालाच माहीत नाही असा संदेश वजनदार ठरला. त्याच्याशी ताडून पाहायला मंगळवेढ्याला एक फोन पुरेसा होता, आणि फोन तर त्या गर्दीत अनेकांच्या हातात होते.

मूळ पाठवणाऱ्याच्या शोधाविरुद्ध व्हॉट्सॲपनं २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात केलेल्या याचिकेचा भाग राहिला. तो प्रश्नोत्तरांत घेऊ.