उलट्या वाटेचा प्रकाश

बंद पडलेल्या एका टॉकीजच्या सामानातून माझ्या छायाचित्रकार मित्राने प्रोजेक्टरची लेन्स आणली आणि आपल्या डिजिटल कॅमेऱ्याला बसवली. पहिला फोटो माझाच काढला. चेहरा स्वच्छ, आणि मागची कडुलिंबाची पानं भोवऱ्यात सापडल्यासारखी गोल फिरलेली. मी हरखले. पन्नासाव्या फोटोपर्यंत उत्साह ओसरला. का ओसरला याचा विचार करताना मला माझंच एक भाषांतर आठवलं, म्हणून हे टिपण.

प्रोजेक्टरच्या लेन्सचं काम एकच: जवळची इवलीशी फ्रेम दूरच्या पडद्यावर मोठी करून टाकायची. प्रकाशाला उलट वाटेनेही जाता येतं, त्यामुळे हीच लेन्स दूरचं दृश्य लहान करून सेन्सरवर आणू शकते. पण कॅमेऱ्याच्या लेन्सला असतं ते काहीच तिच्याकडे नसतं. प्रकाश आवरणाऱ्या ॲपर्चरच्या पाकळ्या नाहीत, फोकसची कडी नाही, कॅमेऱ्यात अडकवायची खाच नाही. असतं ते धातूचं गुळगुळीत नळकांडं, पुष्कळदा 62.5 किंवा 70.6 मिलिमीटर व्यासाचं. त्याला आट्यांची सरकती कडी जोडावी लागते. प्रकाश शटरने किंवा काळसर फिल्टरने कमी करावा लागतो. 35 मिमी चित्रपटाची फ्रेम सुमारे 22 बाय 16 मिमीची, तर पूर्ण आकाराचा सेन्सर 36 बाय 24. त्यामुळे पुष्कळदा कोपरे अंधारतात किंवा विस्कटतात.

त्या भोवऱ्याचं मूळ 1840 मध्ये आहे. जोसेफ पेत्झवालने व्यक्तिचित्रांसाठी आखलेली लेन्स मध्यभागी विलक्षण रेखीव होती, कडांना ढिली. पुढे अनेक प्रोजेक्शन लेन्स याच आराखड्यावर बनल्या. अशा फोटोंखाली आता ‘जुन्या सिनेमाचा लूक’ असं हमखास लिहिलेलं असतं. माझा आक्षेप इथेच आहे. प्रोजेक्टरमध्ये या लेन्ससमोर काय असे? सपाट फिल्म. तिच्या मागे झाड नसे, भिंत नसे, खोलीच नसे. मग मागचं दृश्य फिरणार कुठून? टॉकीजमध्ये बसलेल्या एकाही प्रेक्षकाने हा भोवरा या लेन्समुळे पाहिलेला नाही. आपण ज्याची आठवण काढतो आहोत ते कधी दिसलंच नव्हतं.

याहून गमतीची गोष्ट ॲनामॉर्फिक लेन्सची. आंरी क्रेतियँच्या शोधावर उभं राहिलेलं सिनेमास्कोप 1953 मध्ये ‘द रोब’मधून आलं, आपल्याकडे 1959 चा ‘कागज़ के फूल’ व्ही. के. मूर्तींनी त्यात चित्रित केला. चित्रीकरणात दृश्य आडवं दाबायचं आणि प्रोजेक्टरच्या लेन्सने दुप्पट पसरून पूर्ववत करायचं. म्हणजे ही लेन्स उलगडा करणारी. आज तीच कॅमेऱ्यापुढे उभी राहून दृश्य दाबते आणि उलगडा संगणक करतो. 16:9 च्या सेन्सरवर दुप्पट पसरलेली चौकट 32:9 इतकी लांबलचक होते, म्हणून तिच्या बाजू छाटाव्या लागतात.

हे सगळं निरर्थक आहे असं मी म्हणत नाही. 1975 च्या ‘बॅरी लिंडन’साठी स्टॅनली कुब्रिकला मेणबत्त्यांच्या उजेडात चित्रण करायचं होतं. नासासाठी बनलेली झाइसची 50 मिमी, एफ/0.7 लेन्स बसवण्यासाठी मिचेल कॅमेऱ्यातच फेरफार करावे लागले. तिचा आवाका रुंद करायला जोडलेलं भिंग मूळचं 70 मिमी प्रोजेक्टरच्या लेन्ससाठी होतं. फोकसची पट्टी इतकी अरुंद की नटांच्या हालचालींवर बंधन आलं. पण पाहताना लेन्स आठवत नाही. मेणबत्तीचा उजेड आणि त्यात थबकलेले चेहरे आठवतात. तिथे आधी दृश्य ठरलं, मग लेन्स शोधली. माझ्या मित्राच्या पन्नास फोटोंत लेन्स आधी ठरली होती. मग प्रत्येक चेहरा मध्यभागी आला आणि प्रत्येक झाड फिरू लागलं.

आता माझं भाषांतर. काही वर्षांपूर्वी मी एक हिंदी कादंबरी मराठीत आणली. तिच्यातल्या म्हाताऱ्या भोजपुरी वळणाची हिंदी बोलतात. माझं आजोळ अमरावतीकडचं, म्हणून मी त्यांना वऱ्हाडी दिली. वाचकांनी ‘काय गोडवा आहे’ म्हणून कौतुक केलं, मी सुखावले. परवा पुन्हा वाचलं, तर तिघी म्हाताऱ्या एकसारख्याच बोलत होत्या. मुळात एक धूर्त आहे, एक भित्री, आणि तिसरी सगळ्यांना हसत असते. माझ्या वऱ्हाडीने तिघींना सारखंच गोल फिरवलं होतं. शिवाय तो गोडवा मुळात नव्हताच. तो माझ्या आजोळचा होता.

मूळ वाचणाऱ्यांना जे कधी जाणवलं नाही, तेच मी मूळची चव म्हणून वाढलं होतं. भाषांतर हे नेहमी उलट्या वाटेने जाणारंच काम आहे. त्यात दोष येणार, काही दोष सुंदरही असणार. पण तो दोष दृश्याच्या उपयोगी पडतो की दृश्याला आपल्या उपयोगी लावतो, एवढं तरी विचारायला हवं.

नव्या आवृत्तीसाठी मी त्या तिघींचे संवाद पुन्हा करते आहे. वऱ्हाडी आता एकीच्याच तोंडी राहिली आहे, तिसरीच्या. तिला ती शोभते. मित्राला हे सांगितलं, तर तो म्हणाला, “मग तुझा एक फोटो साध्या लेन्सने काढू का?” मी म्हटलं, “काढ, आणि झाड उभं राहू दे.”