एक पूल, दोन आख्यायिका

ख्रिस्ती आणि मुसलमान यांच्या संघर्षावर आधारलेल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांचा एक ठरीव साचा आहे. त्यात एक बाजू आपली असते आणि दुसरी परकी. आपल्या बाजूचा वीर श्रद्धेसाठी लढतो, परका मात्र लुटीसाठी किंवा सूडासाठी. वाचकाने कोणाच्या मरणावर हळहळावे आणि कोणाच्या मरणावर पान उलटून पुढे जावे, हे लेखकाने आधीच ठरवून टाकलेले असते. अशा कादंबऱ्या रंजक असतात हे आम्ही नाकारत नाही. परंतु त्या वाचून आपले मन मोठे होते की आपल्या जुन्या रागाला नवे खाद्य मिळते, हा प्रश्न ख्रिस्ती वाचकाने स्वतःला विचारावयास हवा.

सर वॉल्टर स्कॉट यांनी 1825 साली 'द टॅलिस्मन' लिहून हा साचा थोडा वाकवला. तिसऱ्या क्रूसयुद्धाच्या पार्श्वभूमीवरील या कथेत सुलतान सलाउद्दीन हकिमाच्या वेषात येतो आणि आजारी पडलेल्या रिचर्ड राजाला बरे करतो. प्रत्यक्षात या दोघांची भेट कधीच झाली नाही. तरीही शत्रूला उमदा चेहरा देण्याचे श्रेय स्कॉट यांना द्यावेच लागते. मात्र त्यांचा सुलतान दूरच्या वाळवंटातला आहे. युद्ध संपले की दोन्ही वीर एकमेकांना मुजरा करून आपापल्या देशी परततात. एकाच गावात, एकाच बाजारात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या माणसांना असे परतता येत नाही. खरी कसोटी तेथे लागते आणि त्या कसोटीला उतरलेली कादंबरी म्हणून आम्ही इव्हो आंद्रिच यांच्या 'ड्रिनेवरील पूल' या कृतीचा येथे विचार करणार आहोत.

आंद्रिच यांचा जन्म 1892 साली बोस्नियातील त्राव्निक गावाजवळ एका कॅथलिक कुटुंबात झाला. वडील लवकर वारल्यामुळे त्यांचे बालपण विशेग्राद येथे आत्याच्या घरी, ड्रिना नदीच्या काठी गेले. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी व्यापलेल्या बेलग्रेड शहरात बसून त्यांनी ही कादंबरी लिहिली. ती 1945 साली प्रसिद्ध झाली आणि 1961 साली आंद्रिच यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. 1959 साली निघालेल्या इंग्रजी अनुवादातून ती आपल्याकडील वाचकालाही वाचता येते.

या कादंबरीला रूढ अर्थाने नायक नाही. सोळाव्या शतकात ड्रिना नदीवर बांधलेला अकरा कमानींचा दगडी पूल हाच तिचा नायक. कथा सुरू होते ती 1516 साली. तुर्की सुलतानाच्या फौजेसाठी ख्रिस्ती घरांतील मुलगे 'रक्ताचा कर' म्हणून उचलून नेले जात आहेत. आया रडत, ठेचकाळत त्या तांड्यामागून धावतात आणि नदीच्या काठी त्यांची वाट संपते. त्या मुलांतला सोकोलोविच गावचा एक दहा वर्षांचा मुलगा पुढे मुसलमान होतो, मेहमेद पाशा या नावाने साम्राज्याचा मुख्य वजीर बनतो आणि जेथे आईची ताटातूट झाली त्याच जागी पूल बांधवतो. छातीत उठणारी जुनी कळ शमावी, एवढीच त्याची इच्छा. मेहमेद पाशा ही इतिहासातील खरी व्यक्ती आहे. पूल 1571 ते 1577 या काळात बांधला गेला आणि त्याचा आराखडा सिनान या थोर वास्तुशिल्पज्ञाचा. ख्रिस्ती मातेच्या पोटी जन्मलेल्या मुसलमानाने दोन तीर जोडले, या एका घटनेतच कादंबरीचे सारे दुःख आणि सारी आशा साठलेली आहे.

आंद्रिच यांची खरी थोरवी दिसते ती आख्यायिकांच्या हाताळणीत. नदीकाठच्या खडकावर गोलाकार खळगे आहेत. ख्रिस्ती मुले म्हणतात, ते आमच्या वीर मार्कोच्या घोड्याच्या टापांचे ठसे. मुसलमान मुले म्हणतात, नव्हे, ते आमच्या अलियाच्या घोडीचे. पुलाजवळ मातीचा एक उंचवटा आहे. ख्रिस्ती लोकांच्या लेखी तेथे बांधकामाला विरोध करून प्राण गमावलेला रादिसाव निजला आहे, तर मुसलमानांच्या लेखी तेथे एका दरवेशाची समाधी आहे. खडक एक, माती एक, आठवणी मात्र दोन. कोण खरे आणि कोण खोटे याचा निवाडा लेखक करीत नाही. आमच्या मते या कादंबरीतील सर्वांत शहाणपणाची जागा हीच आहे. माणसे इतिहासावरून भांडतात असे आपण म्हणतो, परंतु बहुतेक वेळा ती भांडतात स्वतःच्या आख्यायिकेसाठी.

क्रौर्य लेखकाने झाकलेले नाही. रादिसावला सुळावर देण्याचे वर्णन अनेक पाने चालते आणि ते वाचवत नाही. घरातील लहान मुलांच्या हाती हा भाग देऊ नये, असे आम्ही सुचवू. परंतु त्याच पुस्तकात महापुराची रात्रही आहे. गावात पाणी शिरते तेव्हा ख्रिस्ती, मुसलमान आणि ज्यू उंचावरील घरांत एकत्र आसरा घेतात आणि एकमेकांना जुन्या गोष्टी सांगून धीर देतात. पाद्री निकोला आणि मुल्ला इब्राहिम यांचा स्नेह तर गावात म्हणीसारखा झालेला. असे प्रसंग लेखकाने उपदेशासाठी घातलेले नाहीत. शेजार म्हणून जे रोज घडते तेच त्यांनी टिपले आहे.

सर्वांत लक्षणीय आहे तो कादंबरीचा आरंभ आणि शेवट यांतील फरक. आरंभी अश्रू आहेत ते ख्रिस्ती मातांचे. शेवटी, 1914 साली सुरुंगाने पुलाचा खांब उडतो तेव्हा प्राण सोडतो तो अलिहोजा नावाचा वृद्ध मुसलमान. याच अलिहोजाने 1878 साली ऑस्ट्रियाच्या फौजेला व्यर्थ विरोध करू नका असे बजावले, म्हणून त्याच्याच धर्मबांधवाने त्याचा कान पुलावरील लाकडाला खिळ्याने ठोकला होता. त्याला सोडविले ते दंडावर लाल क्रूसाची पट्टी बांधलेल्या परक्या सैनिकाने. ज्या वाचकाने पहिल्या प्रकरणात तुर्कांचा द्वेष केला, तोच अखेरच्या पानावर एका मुसलमानासाठी डोळे पुसतो. साडेतीनशे पानांत वाचकाची सहानुभूती एका तीरावरून दुसऱ्या तीरावर नेणे, हे काम पुलाचेच. म्हणून शीर्षक सार्थ ठरते.

या कादंबरीवर आक्षेप नाहीत असे नाही. बोस्नियातील अनेक मुसलमान समीक्षकांना ती एकांगी वाटते. तुर्की अंमलातील जुलमाची चित्रे तिच्यात ठसठशीत आहेत, तर त्या काळातील विद्या आणि कला यांना मिळालेली जागा तोकडी आहे. 1924 साली ग्राझ विद्यापीठाला सादर केलेल्या प्रबंधात आंद्रिच यांनी तुर्की राजवटीच्या परिणामांविषयी फार कठोर मत मांडले होते. त्या मताची सावली कादंबरीवरही पडली आहे. शिवाय गावातील मुसलमानांना सर्वत्र 'तुर्क' म्हटले आहे. ते तर तेथलेच, शेजाऱ्यांचीच भाषा बोलणारे. त्या काळी लोक तसे म्हणत, हे खरे. पण शेजाऱ्याला परक्याचे नाव देण्यातून काय उद्‌भवते, हे पुढे जगाने पाहिले.

1991 साली विशेग्राद येथील आंद्रिच यांचे स्मारक एका मुसलमान रहिवाशाने हातोड्याने फोडले. पुढच्याच वर्षी, 1992 साली, सर्ब सशस्त्र टोळ्यांनी त्याच पुलावर मुसलमान स्त्रीपुरुषांना ठार करून ड्रिनेत फेकले. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने 2009 साली विशेग्रादमधील अत्याचारांबद्दल शिक्षा सुनावल्या. हे कृत्य आमच्या पंथाच्या लोकांचे नव्हते, असे म्हणून कॅथलिक वाचकाला हात झटकता येणार नाहीत. मोस्तार येथील 1566 साली पुरा झालेला जुना पूल 9 नोव्हेंबर 1993 रोजी कोसळला तो क्रोएट फौजेच्या तोफगोळ्यांनी, आणि क्रोएट समाज कॅथलिक आहे. तो पूल पुन्हा बांधून 2004 साली खुला झाला. दगड पुन्हा रचता येतात. मनांचे काय?

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 साली, मुसलमानांबरोबरचे जुने वैर विसरून परस्पर सामंजस्यासाठी झटावे, असे ख्रिस्ती जनांना आवाहन केले. आंद्रिच यांची कादंबरी वाचल्यावर वाटते, की विसरणे माणसाला साधत नाही. खडकावरच्या खळग्यांत पावसाचे पाणी साचावे तशी आठवण साचतच राहते. पोप दुसरे जॉन पॉल यांनी 2000 सालच्या महोत्सवी वर्षात स्मृतींच्या शुद्धीकरणाचा मार्ग दाखविला आणि ख्रिस्ती जनांकडून घडलेल्या अपराधांबद्दल देवाकडे जाहीर क्षमायाचना केली, ती कदाचित याच जाणिवेतून. स्मृती पुसावयाची नाही, धुवावयाची आहे. आपल्या जखमेबरोबर शेजाऱ्याचीही जखम आठवू लागलो, की ते धुणे सुरू होते.

चांगली ऐतिहासिक कादंबरी या कामी हातभार लावू शकते. आमच्या धर्मग्रामांतील वाचनालयांत आणि तरुणांच्या अभ्यासमंडळांत अशी पुस्तके वाचली जावीत, त्यांवर वाद व्हावेत, असे आम्हांस मनापासून वाटते. मुंबईने डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये शेजाऱ्यावर शेजारी उठलेला पाहिला आहे, तेव्हा विशेग्राद आपल्याला फारसे दूर नाही. पुढच्या वेळी एखादी ऐतिहासिक कादंबरी हाती घेताना वाचकांनी एकच पाहावे: शेवटचे पान मिटताना आपण कोणासाठी रडलो? केवळ आपल्यांसाठीच रडलो असू, तर ते पुस्तक पुलाच्या अलीकडेच थांबले असे समजावे.