डिग्री शो आणि मावळचा चिखल

डिझाइन शाळांचे शेवटचे वर्ष संपत आले की डिग्री शोची धांदल उडते. भिंतभर पॅनेल, पांढऱ्या चौथऱ्यावर थ्री-डी प्रिंट केलेले मॉडेल, लॅपटॉपवर फिरत राहणारी छोटी फिल्म आणि पोर्टफोलिओकडे नेणारा क्यूआर कोड. पुण्या-मुंबईच्या या प्रदर्शनांत मावळ हमखास भेटतो. पुण्याहून लोकलने दीड तासात लोणावळा गाठता येते आणि एवढ्या टापूत लेणी, भातखाचरे, गुलाबांची पॉलिहाउसे, कारखाने आणि शनिवार-रविवारची तुफान गर्दी असे सगळे एकदम हाताशी येते. आता तर साते, आंबी अशा गावांतच खासगी विद्यापीठे उभी राहिली आहेत. विषयांना तोटा नाही. तरीही प्रदर्शन पाहून बाहेर पडताना मांडणीच लक्षात राहते, मांडलेली वस्तू क्वचित.

चिक्कीचेच घ्या. लोणावळ्याच्या चिक्कीला नवे वेष्टन हा विद्यार्थ्यांचा लाडका विषय. खाकी कागदाचा डबा, त्यावर सह्याद्रीच्या रेषा, सुतळीची गाठ. दिसते छान. पण चिक्की म्हणजे गूळ, आणि गूळ हवेतली ओल शोषतो. वर्षाला ४००० मिलिमीटरच्या घरात पाऊस पडणाऱ्या गावात उघड्या कागदात ठेवलेली चिक्की दाताला चिकटू लागते. दुकानदार वापरतो ते चकचकीत प्लास्टिक कुरूप असेल, पण ते ओल अडवते आणि आतला शेंगदाणा गिऱ्हाइकाला दाखवते. पर्यावरणाला सोसेल, ओलही थोपवेल आणि चार-दोन रुपयांत बसेल असे वेष्टन हा खरोखर अवघड आणि मोलाचा प्रश्न आहे. डिग्री शोमध्ये तो सुटत नाही, कारण तिथे तो विचारलाच जात नाही. पावसाळ्यात दोन आठवडे ठेवून चिक्कीचे काय झाले, ही नोंद मला कुठल्याही पॅनेलवर दिसलेली नाही.

हे असे का झाले, याला थोडा इतिहास आहे. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये १९३५ साली कमर्शियल आर्टचा विभाग सुरू झाला. तिथल्या वार्षिक प्रदर्शनात पोस्टर असे, आणि पोस्टर हीच वस्तू असे; ते भिंतीवर बोलले नाही तर त्याची बाजू मांडायला दुसरे काही नव्हते. पुढे १९६१ साली अहमदाबादला एनआयडी ही राष्ट्रीय डिझाइन संस्था आणि १९६९ साली आयआयटी मुंबईत आयडीसी हे औद्योगिक डिझाइनचे केंद्र सुरू झाले. आयडीसीची उभारणी करणारे सुधाकर नाडकर्णी जर्मनीतल्या उल्म इथल्या डिझाइन शाळेत शिकून आले होते. आधी प्रश्न समजून घ्या, माणसे पाहा, मग आकाराकडे वळा, अशी ती शिस्त. ती आली हे चांगलेच झाले. पण २००४ साली सिम्बायोसिसची, २००६ साली एमआयटीची अशा पुण्यात एकामागून एक डिझाइन संस्था निघत गेल्या, संगणकावरचे रेंडर स्वस्त झाले आणि शिस्तीचे रूपांतर सजावटीत होऊ लागले. आज पॅनेलवर एका काल्पनिक बाईचे नाव, वय, स्वप्ने आणि अडचणी असतात, शेजारी इंटरनेटवरून घेतलेला फोटो. मावळातल्या खऱ्या बाईला बांधावर तासभर भेटलेले असले, तरी पॅनेलवर ती येत नाही. तिचे बोलणे चौकटीत बसत नाही.

मावळातल्या शेतात पोचलेले चांगले डिझाइन पाहायचे तर चारसूत्री भातलावणीची दोरी पाहावी. डॉ. नारायण सावंत यांनी ही पद्धत रुजवली. नायलॉनच्या दोरीवर १५ आणि २५ सेंटिमीटरच्या आलटून-पालटून खुणा. त्या खुणांवर रोप लावायचे, म्हणजे चार चुडांचा एक चौकोन तयार होतो आणि त्याच्या मधोमध युरिया-डीएपीची गोळी चिखलात खोचता येते. खत वाहून जात नाही, रोपे दाटत नाहीत. एवढीच दोरी. ती कोणालाही घरी करता येते आणि तुटली तर गाठ मारता येते. कुठल्याही डिग्री शोमध्ये ती नापास झाली असती, कारण तिच्यात ‘इनोव्हेशन’ दिसत नाही. उलट, भातलावणीसाठी केलेली जी चाकांची, दांड्यांची देखणी यंत्रे चौथऱ्यावर असतात, ती गुडघाभर चिखलात दहा पावले तरी चालतील का, हे विचारायला तिथे शेतकरी नसतो. परीक्षक असतात, आणि बहुतेक वेळा तेही डिझाइनरच.

एका क्षेत्रात मात्र महाराष्ट्रातल्या या शिक्षणाने घसघशीत काम केले आहे, ते म्हणजे अक्षर. जे.जे.मधून आलेल्या र. कृ. जोशींनी आयडीसीत शिकवले. विंडोजमधला ‘मंगल’ हा देवनागरी फॉन्ट त्यांचा. २०१० साली स्वीकारलेले रुपयाचे चिन्ह डी. उदयकुमार यांचे, आणि तेही आयडीसीतच तमिळ अक्षररचनेवर संशोधन करत होते. एक टाइप या मुंबईच्या गटाने केलेले ‘मुक्ता’, ‘बलू’, ‘मोदक’ हे फॉन्ट आज लग्नपत्रिकेपासून फ्लेक्सपर्यंत दिसतात. हे काम टिकले, कारण अक्षराची परीक्षा पळवाट ठेवत नाही. ‘द्ध’ किंवा ‘ष्ट्र’ फसला तर मराठी वाचणारा कोणीही तो दाखवून देतो. प्रत्येक वाचक परीक्षक असतो आणि वस्तू त्याच्या हातात असते.

उद्योगांनी दिलेल्या प्रकल्पांची गोष्ट वेगळी. तळेगाव-चाकणच्या पट्ट्यात सहा-सहा महिने राहून विद्यार्थी पत्रा, साचे आणि खर्च यांच्याशी खरोखर झुंजतात. तिथे वस्तू असते. पण गोपनीयतेच्या करारामुळे प्रदर्शनात त्या पॅनेलवर धूसर केलेली चित्रे येतात आणि सर्वांत भक्कम काम सर्वांत पोकळ दिसते.

तळेगावात याहून जुना एक धडा आहे. अंताजी दामोदर काळे यांनी पैसा-पैसा गोळा करून चालवलेल्या पैसा फंडातून १९०८ साली तिथे काचेचा कारखाना निघाला. टिळकांचा त्याला पाठिंबा होता. परदेशात काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे शिकवायला होते. कारखाना हीच शाळा. तिथे शिकणाऱ्या पोराच्या हातची कंदिलाची चिमणी तडकली तर पॅनेल लावून सारवासारव करायची सोय नव्हती. तिथून शिकलेले कारागीर देशातल्या इतर काच कारखान्यांत गेले. त्या काळाचे गोडवे गाण्याचा हेतू नाही. भट्टीसमोरचे ते काम कष्टाचे होते. पण शिकणारा आणि करणारा हे तिथे दोन वेगळे लोक नव्हते.

आज ते वेगळे झाले आहेत. चौथऱ्यावरचे मॉडेल अनेकदा पेठेतल्या एखाद्या फॅब्रिकेटरने किंवा सुताराने रात्र जागून केलेले असते. नाव फक्त विद्यार्थ्याचे. कार्ल्याच्या चैत्यगृहात दोन हजार वर्षांपूर्वी धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराने दर्शनी द्वार केल्याची नोंद दगडात कोरलेली आहे. पैसे देणाऱ्या शेठजींच्या नावांसोबत सुताराचेही नाव. ज्या लेण्यांचे माहितीफलक नव्याने करायला विद्यार्थी जातात, त्यांतूनच हा साधा शिष्टाचार उचलता आला असता.

आणि काही विषयांना तर हातच लागत नाही. १५ जून २०२५ रोजी कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पडून चार जणांचा मृत्यू झाला. पूल धोकादायक असल्याचा फलक तिथे होता. फलक असूनही माणसे पुलावर का थांबतात, गर्दी कुठे अडवायची, अरुंद तोंडाशी काय उभे करायचे, हा शुद्ध डिझाइनचा प्रश्न आहे, आणि भुशी धरणापासून पवनेपर्यंत दर पावसाळ्यात तो पुन्हा उभा राहतो. त्यावर प्रदर्शनात येते ते ॲप, तेही रेंज नसलेल्या दरीसाठी.

दोष सगळा विद्यार्थ्यांच्या माथी मारणे बरोबर नाही. वेळापत्रकच उलटे आहे. ज्युरी म्हणजे अंतिम परीक्षण उन्हाळ्यात होते आणि भातलावणी आषाढात. चिक्की ओलावते ती श्रावणात, कुंडमळ्याची गर्दी लोटते ती पहिल्या पावसानंतर. म्हणजे मावळाविषयीचा जवळपास प्रत्येक प्रकल्प, तो जिथे तपासला जायला हवा तो ऋतू येण्याआधीच गुण घेऊन मोकळा होतो. ज्युरी दोन महिने पुढे ढकलावी, असे एखादा शिक्षक सुचवतोही. पण तोवर मुलांच्या नोकरीवर रुजू होण्याच्या तारखा ठरलेल्या असतात.