पडावं, पण भाषण करू नये

विनोदाच्या घरी आपल्या विद्वानांनी भलताच पंक्तिप्रपंच मांडून ठेवला आहे. उपरोधाला आत चांदीचं ताट, आणि धडपडीला, आपटाआपटीला ओसरीवर पत्रावळ! पण चार्ली चॅप्लिनच्या खात्यातून या दोन रकमा वेगळ्या काढून दाखवा पाहू. उभा जन्म खतावणीत घालवलेल्या माझ्यासारख्या बँकेतल्या कारकुनालाही ते जमलेलं नाही.

‘मॉडर्न टाइम्स’ (१९३६) घ्या. कामगाराची जेवणाची सुट्टी वाचावी म्हणून कारखान्यात चक्क भरवणारं यंत्र येतं. ते बिघडतं. मक्याचं कणीस चार्लीच्या दातांवर गरगर फिरतं, सूप छातीवर सांडतं, घासाबरोबर लोखंडी नटही तोंडात जातात. आणि तेच यंत्र मधूनमधून त्याचं तोंड मात्र हळुवार पुसतं! मालकाचा निकाल काय, तर यंत्र व्यवहार्य नाही. माणसाच्या हालांबद्दल चकार शब्द नाही. आता यात मार कुठे संपला आणि टीका कुठे सुरू झाली, सांगा!

‘द ग्रेट डिक्टेटर’ (१९४०) मध्ये दोन हुकूमशहा न्हाव्याच्या खुर्च्यांत बसून, एकमेकांपेक्षा उंच दिसण्यासाठी आपापली खुर्ची वर वर चढवत नेतात. ज्याने साहेबलोकांच्या खुर्च्या जवळून पाहिल्या आहेत, त्याला राजकारणावरचं आणखी पुस्तक वाचायला नको. त्याआधी हिंकेल पृथ्वीच्या फुग्याशी लाडेलाडे नाचतो, त्याला वर उडवतो, झेलतो, आणि फट्! फुगा फुटतो. जगज्जेता टेबलावर डोकं टेकून रडतो.

आणि शेवटी चार्ली विनोद खुंटीला टांगून भाषण करतो. कळकळीचं, माणुसकीचं. अमेरिका अजून युद्धात उतरलेली नसताना असं बोलायला छाती लागते, हे शंभर टक्के कबूल. पण गोष्टीतला गरीब न्हावी ते भाषण करतो ते हुकूमशहाच्याच गणवेशात, त्याच्याच माइकवरून. आणि समोरची गर्दी त्यालाही तसाच जयजयकार करते. टाळ्यांना माणूस ओळखता येत नाही हो! स्वातंत्र्य, बंधुता, उज्ज्वल भविष्य हे शब्द उद्या खरा हिंकेलही उसने घेऊन जाईल, आणि परत करायचं नाव काढणार नाही.

तो फुटलेला फुगा मात्र जगातल्या कुठल्याही हुकूमशहाला आपल्या प्रचारात वापरता यायचा नाही.