मालेगांवचा वेढा : लष्करी ग्रंथ व शिशाचे शिपाई यांची पारख

लढायांचीं जुनीं पुस्तकें व शिशाचे जुने शिपाई जमवून एकट्यानेंच मेजावर युद्ध मांडण्याचा जो छंद आहे, त्यास आमचे कांहीं संशोधक मित्र पोरखेळ समजतात. दिवाळीच्या किल्ल्यावर मातीचे मावळे मांडणारीं मुलें आणि आम्ही यांत फारसें अंतर नाहीं, हें आम्हांस मान्य आहे. तथापि लष्करी ग्रंथाची परीक्षा करण्याचें याहून कठोर साधन आम्हांस आढळलें नाहीं. वाचतांना माणूस लेखकाच्या मागून जातो. मेजावर दोन्ही पक्षांच्या चाली स्वतःसच कराव्या लागतात, आणि लेखकानें जें सांगितलें नाहीं तेथें हात थांबतो. गेल्या पावसाळ्यांत आम्हीं साक्रीस १८१८ सालचा मालेगांवचा वेढा मांडला. त्यांत कोणता ग्रंथ कोठें उपयोगी पडला व कोठें उणा पडला, तें येथें नमूद करितों.

खेळाची रीत थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. प्रशियांत राइसविट्झनें १८२४ सालीं लष्करी अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठीं युद्धखेळाचे नियम छापले. त्यांत दोन पक्ष व वर एक पंच असे. एच. जी. वेल्सनें १९१३ सालीं ‘लिटल वॉर्स’ लिहून खेळण्यांतल्या शिपायांचें युद्ध घरोघर नेलें. प्रतिपक्षी मिळत नसेल त्यानें काय करावें, यावर डोनाल्ड फेदरस्टोनचें १९७३ सालचें स्वतंत्र पुस्तक आहे. एकट्यानें खेळावयाचें तर एका पक्षाचे हुकूम आधींच लिहून ठेवावयाचे, आणि जेथें एकाहून अधिक मार्ग संभवतात तेथें फांसा टाकावयाचा. परंतु फांशापूर्वीं मार्ग कोणते हें ठाऊक पाहिजे, आणि तें ग्रंथानेंच सांगितलें पाहिजे.

मालेगांव आज नाशिक जिल्ह्यांत असलें तरी १८६९ सालीं तो जिल्हा निघेपर्यंत तें खानदेशांतच मोडत असे. मोसम नदीच्या कांठचा तेथील भुईकोट नारो शंकरानें बांधिलेला. पेशवाई बुडाल्यावरही आंतील अरब शिबंदीनें तो सोडिला नाहीं, म्हणून मे १८१८त कर्नल मॅकडॉवेलनें वेढा घातला. १८ मेच्या रात्रीं अरबांनीं बाहेर पडून छापा घातला. त्यांत इंजिनियरांचा मुख्य डेव्हिस ठार झाला. २९ मेस भगदाडावर एल्गार झाला. नॅटेस नांवाचा तरुण इंजिनियर माथ्यापर्यंत पोंचला, पलीकडे उतरण्याजोगी वाट नाहीं असें त्यानें पाहिलें, आणि तेथेंच गोळ्या लागून पडला. एल्गार फसला. पुढें कुमक आली, किल्ल्यांतला दारूखाना उडाला, आणि जूनच्या मध्यास शिबंदी शरण आली. तोंवर इंग्रजांकडील दोनशेंहून अधिक माणसें ठार वा जखमी झालीं होतीं.

या वेढ्यासाठीं मुख्य ग्रंथ दोन. व्हॅलेंटाइन ब्लॅकरचा १८२१चा ग्रंथ हा मद्रास फौजेच्या क्वार्टरमास्टर जनरलचा. त्यामुळें कूच, मुक्काम, तोफा यांचा हिशेब त्यांत नेटका उतरला आहे. एडवर्ड लेकचा १८२५चा ग्रंथ केवळ वेढ्यांचा. तो स्वतः मद्रासच्या इंजिनियरांपैकीं असून आपल्याच खात्याचीं उणीं दाखवावयास कचरत नाहीं. मोर्चे कोठें बांधावे, तोफा कोणत्या बुरुजावर लावाव्या, हें त्याच्या आधारें आम्हांस बिनदिक्कत मांडतां आलें. लेकची योग्यता आम्ही ब्लॅकरहून अधिक मानितों.

पण मेजाच्या दुसऱ्या बाजूस जातांच दोन्ही ग्रंथ मुके होतात. अरबांचे जमादार आपसांत काय बोलले, दाणा किती उरला, १८ मेचा छापा कोणाच्या सल्ल्यानें पडला, यांपैकीं एकाही प्रश्नास उत्तर नाहीं. किल्ल्याची बाहेरची बाजू आम्हीं पुस्तकावरून मांडली. आंतली केवळ फांशावर. शेवट तर फांशावरही मांडतां येईना. ग्रँट डफ सांगतो कीं, शरण येतांना अरबांस जें मराठी पत्र देण्यांत आलें त्याच्या अर्थावरून वाद पडला आणि एल्फिन्स्टननें तो अरबांस अनुकूल असाच लाविला. डफ इंग्रजींत आशय देतो, मूळ मराठी शब्द देत नाहीं. ज्या कागदानें वेढा संपला त्याची एक ओळ आम्हांस दहा कोरीव नकाशांहून मोलाची वाटते. दप्तरें चाळणाऱ्यांनीं मालेगांवचा कागद दिसल्यास तो किरकोळ म्हणून बाजूस सारूं नये.

नकाशांविषयीं एक तक्रार आहे. एका विक्रेत्याकडून ब्लॅकरची प्रत म्हणून जें आम्हीं घेतलें त्यांतले नकाशे कापून काढलेले निघाले. चौकटींत बसवून ते स्वतंत्र विकले कीं अधिक पैसा येतो. नकाशावांचून ब्लॅकर म्हणजे धार गेलेली तलवार. संगणकावर या ग्रंथांच्या प्रती आज फुकट वाचावयास मिळतात हें खरें. पण पुष्कळ प्रतींत घडीचे नकाशे न उलगडतांच टिपलेले असतात.

शिपायांची कथा निराळी. विल्यम ब्रिटनच्या कारखान्यानें १८९३पासून पोकळ ओतीव शिपाई काढिले. त्यांत मद्रासी पायदळ आहे, अरबही आहेत. परंतु तें पायदळ व्हिक्टोरिया राणीच्या उत्तरकाळच्या पोशाखांतलें, आणि अरब वाळवंटांतले. मालेगांवच्या बुरुजावर दोघेही परके. जुना रंग खरवडून १८१८चा रंग देणें हा आम्ही गुन्हा समजतों; जुन्या पोथीच्या समासांत नव्या शाईनें लिहिण्यासारखेंच तें आहे. म्हणून अरब आम्हीं मातीचेच करविले. शिशाचे संग्रह ओकच्या कपाटांत ठेवूं नयेत, हेंही सांगून ठेवितों. त्या लांकडाच्या आंबट वाफेनें शिशावर पांढरी भुकटी धरते, आणि पोथीस जशी कसर तशी ती मूर्तीस आंतून खाते.

यानंतर थाळनेर मांडण्याचा विचार आहे. तेथें १८१८च्या फेब्रुवारींत किल्लेदार तुळशीराम मामास फांशीं देण्यांत आलें, आणि दरवाजांत नेमकें काय घडलें यावरच सारा वाद आहे. त्याविषयीं सवडीनें लिहूं.